मागची जाळी

१

सकाळी साडेसहाला नळाला पाणी येतं, सव्वासातला जातं. तेवढ्या वेळात इतर घरांत पिंपं भरतात, कपडे भिजतात. आमच्याकडे ते पाणी आधी माशाला दाखवायचं आणि मग माणसांनी तोंडाला लावायचं. गेली एकोणीस वर्षं हा नेम आहे. शेजारणीला तो वेडेपणा वाटतो. वाटू दे. तिला पुष्कळ गोष्टी वाटतात.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन हात लांबीची काचेची पन्हळ आहे. एका तोंडाला नळाची रबरी नळी, दुसऱ्या तोंडाला बारीक पितळी जाळी. जाळीतून पाणी मोरीत पडतं. मधे मासा, बोटभर लांबीचा, रुपेरी. नळ सोडला की धार येते आणि मासा धारेकडे तोंड करून जागच्या जागी पोहत राहतो. पुढे जात नाही, मागे येत नाही. हे माशाचं मूळचं वागणं, त्याला कोणी शिकवलेलं नाही. पाणी चांगलं असलं तर तो दहा मिनिटं असा टिकतो. पाण्यात काही खराब उतरलं असलं तरी तो लगेच मरत नाही, उलटा होत नाही, अंगावर डागही पडत नाही. आधी जातं ते त्याचं पोहणं. कल्ले सुजतात, दम पुरत नाही. शेपटी मारतो पहिल्याइतकीच, पण तिच्यात जोर राहत नाही, आणि इंच इंच मागे सरकत शेवटी तो जाळीला टेकतो. मासा जाळीला टेकला की पाणी बंद करायचं. आधी बंद करायचं, मग कारण शोधायचं.

हे मला कोणी वर्गात बसवून शिकवलेलं नाही. माझी शाळा चौथीत सुटली. जलशुद्धीकरण केंद्रात मी लागले ती टाक्यांचं शेवाळ खरवडायला. तिथल्या तपासणीच्या खोलीत असल्याच पन्हळी होत्या, चांगल्या सहा सहा फुटी, आणि मासे बघायला दोन पदवीधर होते, जे मासे सोडून सगळीकडे बघायचे. खोलीतल्या टेबलाचा पाय हलायचा म्हणून खाली एक जाड पुस्तक घातलं होतं. मी ते काढून घेतलं आणि तिथे वीट ठेवली. तीन वर्षांत शब्दाला शब्द लावत ते पुस्तक संपवलं, सहाव्या वर्षी पन्हळी माझ्या ताब्यात आल्या, आणि पुढची एकतीस वर्षं गावाला गेलेला थेंब न् थेंब आधी माझ्या नजरेखालून गेला. लोक मला मासेबाई म्हणायचे. मी निवृत्त झाले तोवर यंत्रं आली होती आणि पन्हळी भंगारात निघाल्या होत्या. त्यांतली सगळ्यांत लहान मी उचलून आणली. कोणाला विचारलं नाही.

या कामाचा एकच मोठा नियम. कोणताही मासा पन्हळीत आठ दिवसांवर ठेवायचा नाही. पाणी थोडं थोडं बिघडत गेलं तर मासा त्याला सरावतो. मग पाण्यात काहीही येवो, हा आपला टिकून. दिसायला तोच सगळ्यांत धडधाकट, आणि कामाला तोच सगळ्यांत निरुपयोगी. म्हणून मी दोन मासे ठेवते. एक पन्हळीत, एक विसाव्याच्या टबात. टबात टेकडीखालच्या झऱ्याचं पाणी, जे मी या वयातही स्वतः डबा धरून आणते. आठ दिवस झाले की अदलाबदल.

२

घरात मी आणि धाकटी, माझी बहीण. ती एकाहत्तर, मी अठ्ठ्याहत्तर. दोघींचेही नवरे गेल्यावर ती बारा वर्षांपूर्वी आपलं शिवणयंत्र घेऊन माझ्याकडे आली. सकाळचा चहा ती करते, कारण माझ्या चहाला ती औषध म्हणते.

या खेपेचा मासा जबरदस्त होता. नळ पूर्ण सोडला तरी हलायचा नाही. मान असती तर ताठ ठेवली असती अशी त्याची तऱ्हा. पहिल्याच दिवशी धाकटी चहाचा कप हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, तुझा पहेलवान परत आला की गं. पहेलवान हे केंद्रातल्या माझ्या एका माशाचं नाव होतं. चव्वेचाळीस वर्षं झाली. तिच्या लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी तिने विचारलं, "ताई, याचे आठ झाले ना?"

"माझं मला कळतं," मी म्हटलं.

"कळतं तर," ती म्हणाली आणि साखर ढवळत बसली.

त्याच दिवशी सव्वासातला नळ गेला. जाळीच्या पायाशी आडवी पट्टी आहे, त्यामुळे पाणी गेलं तरी पन्हळीत चार बोटं उरतं, आणि मासा त्यात इकडेतिकडे फिरत बसतो. हा फिरला नाही. तोंड नळाकडे, शेपटी सपासप, पर पसरलेले. तो पोहत होता. थांबलेल्या पाण्यात, अगदी जागच्या जागी, जसा काही नळ पूर्ण सोडलेला आहे.

मी चहाची एक पत्ती चिमटीने पाण्यावर टाकली. पत्ती टाकली तिथेच राहिली. मासा तिच्या खाली धापा टाकत पोहत होता.

माझ्याजवळ कारणं तयार असतात. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, उजव्याला अजून धूसर दिसतं. माशाला सवय लागली असेल. दार आपटल्याची थरथर काचेला लागत असेल. मी तीन कारणं मांडली, तिन्ही एकेक करून खोडली आणि भांडी घासायला घेतली. अर्ध्या तासाने बघितलं. पत्ती तिथेच. मासा तिथेच. शेपटी तशीच.

३

आमचं घर बुटक्या ठोकळ्यासारखं आहे, आणि मधून एक बोळकांडी जाते. एका टोकाला स्वयंपाकघर. दुसऱ्या टोकाला धाकटीची खोली आणि तिला लागूनच मागचं जाळीचं दार. दाराबाहेर तीन पायऱ्या, अंगण, आणि अंगण संपतं तिथे नदीचा उतार. खोलीच्या उंबऱ्यापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत चौदा फूट. बोळकांडीला खिडकी नाही, पण जाळीतून उजेड येतो.

दहाव्या दिवशी मी ओट्याशी बसले होते. धाकटीच्या चपलांचा आवाज आला. ती पाय किंचित घासत चालते. फट, फट, फट, आणि सहाव्या सातव्या फटला ती दारात असते. बारा वर्षं रोज ऐकलेला आवाज आहे, तो मी मोजत नाही, माझे कान मोजतात. त्या दिवशी कान मोजत राहिले. दहा. बारा. पंधराव्याला ती दारात आली आणि म्हणाली, आज दुधाला जरा वास आहे का बघ.

दुधाला वास नव्हता. पण तिच्याभोवती होता. ओल्या कातड्याचा, चुन्याचा, काहीतरी शिजवून नासवल्याचा. इतका पुसट की मी नाक पुढे केलं तोवर गेला.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून माझं स्टॉपवॉच काढलं. तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडताना कळ दाबली, ती पोचल्यावर पुन्हा दाबली. सोळा सेकंद. संध्याकाळी उजेड असतानाच पुन्हा. एकोणीस. ती लंगडत नव्हती. दम लागलेला नव्हता. भिंतीला हात नव्हता. पाय नेहमीच्या वेगाने पडत होते, आणि ती हळू येत होती. या दोन गोष्टी एका वाक्यात बसत नाहीत हे मला कळतं. मला लिहिता येतं, मी नीट लिहिलंय.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गुडघे दाबले, पायांवर हातोडी मारली, छाती ऐकली, आणि मोठ्या बहिणीपेक्षा धाकटीची तब्येत चांगली असल्याचं प्रशस्तिपत्र दिलं. वाटेत फूटपाथवर ती माझ्या पुढे चालत होती. तिला गाठताना मला धाप लागली.

"काय झालंय काय तुला?" घरी आल्यावर तिने विचारलं. "माझ्यामागे ते घड्याळ घेऊन का लागलीस? शर्यत लावायची आहे का?"

आणि स्वतःच हसली. ते हसू मला बोचलं.

४

शर्यतीचं सांगायलाच हवं.

तेव्हा नदी म्हणजे नदी होती. दगडी पायऱ्यांवरून सकाळी बघावं तर पाण्यावर धुकं, आणि धुक्यात धाकटीचं डोकं. ती अशी पोहायची की पाण्याला कळू नये. हात पाण्यात घालताना शिंतोडा नाही, मागे फेस नाही. हनुवटी थोडी वर, डोळे पलीकडच्या काठावर. जाऊन येऊन बावीस मिनिटं, आणि मग ओले केस पिळत पायऱ्यांवर उभी राहून ती गावातल्या पोरींना शिकवायची. निम्म्या गावाच्या बायका तिच्या हाताखाली पोहायला शिकल्या. पाण्यात घाबरलेल्या पोरीला ती कधी रागावली नाही. वाकून, हात पुढे करून म्हणायची, ये, ये, पाय मार. बस्स, एवढंच. पोरी यायच्या.

मी काठावर बसून तिचे कपडे सांभाळायचे. मला पोहता येत नाही. माशांबद्दल सगळं येतं, पोहता येत नाही. यावर गावाने पुष्कळ विनोद केले, त्यातले दोनच बरे होते.

त्या उन्हाळ्यात खालच्या पुलापर्यंतची शर्यत होती. जिल्ह्याजिल्ह्यातून पोहणारे येणार होते. धाकटी सत्तावीस वर्षांची होती. महिनाभर ती सकाळ-संध्याकाळ नदीत असायची, नदीचंच पाणी गिळत, आणि घरी नळाचंच पित. आणि त्याच उन्हाळ्यात माझ्याकडे पहेलवान होता.

तसा मासा मी पुन्हा पाहिला नाही. पदवीधर पैज लावायचे आणि हरायचे. मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे आणि म्हणायचे, बाईंचा मासा बघा. मी, शेवाळ खरवडणारी, तिथे हात मागे बांधून उभी राहायचे. आठवा दिवस झाला, मी त्याला काढला नाही. साहेबांचे पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते. नववा झाला. मग वाटलं, असल्या माशाला नियम कशाला? तेराव्या दिवशी तपासनीस रजेवरून परत येणार म्हणून मी घाईघाईने पहेलवानाला काढलं आणि विसाव्याच्या टाकीतला साधा, मरतुकडा मासा पन्हळीत सोडला. चाळीस सेकंदांत तो जाळीला टेकला.

मी घंटा वाजवली, व्हॉल्व्ह बंद केला. वरच्या अंगाला कातडी कमावण्याचा कारखाना होता, त्याचं घाण पाणी बांध फुटून नदीत उतरलं होतं. थोडं थोडं, दिवसेंदिवस. पहेलवान ते पीत पीत टिकून राहिला होता. माझ्या वहीत पाचही दिवस लिहिलं होतं: मासा स्थिर, पाणी उत्तम.

कोणी मागची पानं उलटली नाहीत. घंटा वाजवणारी मीच होते ना. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, टाळ्या वाजल्या, आणि मला एक स्टॉपवॉच भेट मिळालं. मागे माझं नाव कोरलेलं. तेच हे.

बांध बुजवला, नदी निवळली असं सगळ्यांनी धरलं, आणि चार दिवसांनी शर्यत झाली. धाकटी निम्म्या वाटेवर मागे पडायला लागली. मी काठाने पळत होते. हात तसेच पडत होते, सुरेख, शिंतोडा नाही. पण ती पुढे जात नव्हती. मग ती मागे सरकायला लागली. शेवटी नावाड्याने तिला दंडाला धरून नावेत घेतलं. काठावर लोक हसले. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की माझी जीभ सुटते. मी तिला म्हटलं, "पोहणं विसरलीस का?"

ती त्यानंतर पाण्यात उतरली नाही. पोरींनाही शिकवलं नाही. शिवणकाम धरलं. त्या पाच दिवसांचं मी कोणालाही सांगितलं नाही, तिलाही नाही. कारखाना पुढे बंद पडला, त्या जागी आता झाडं आहेत, नदी स्वच्छ झाली, काठावर लोक सहलीला येतात. सगळं छान झालं.

५

मी केंद्राला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्यात जरा तिखट लिहिलं, तेव्हा हल्लीचे साहेब स्वतः आले. तरणाबांड, नम्र माणूस. एक पेटी आणली होती, तिच्यातून दांडकं काढून नळाखाली धरलं, आकडे वाचून दाखवले. पाणी उत्तम आहे, आजी, म्हणाले.

"मी तुमची आजी नाही," मी म्हटलं. "तुम्ही बसता त्या खोलीत तुमच्या जन्माआधी बसलेली बाई आहे मी."

ते हसले आणि सॉरी म्हणाले. चांगल्या घरचे असावेत. पन्हळीकडे त्यांनी कौतुकाने पाहिलं. नळ बंद होता. मासा पोहत होता. किती ताकदीचा आहे हो, म्हणाले. नळ बंद आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही, आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं, माशाकडे नाही.

नदी मागून दिसते का, त्यांनी विचारलं, आणि बोळकांडीतून तडक मागच्या दारापर्यंत गेले. तीन सेकंद. मी मोजले. जाळीशी ते थांबले, मान वळवून इकडेतिकडे हुंगलं, आणि मला विचारलं, "इथे कातडी वगैरे ठेवता का तुम्ही? वास येतोय."

मी नाही म्हटलं. तो कारखाना बंद पडला तेव्हा हा माणूस जन्मलाही नव्हता.

ते गेल्यावर मी टेप घेऊन बोळकांडी मोजली. गुडघे टेकून, एकटीने, एक टोक विटेखाली दाबून. चौदा फूट. पुन्हा मोजली. चौदा फूट. मोजताना धाकटीच्या चपला समोर दिसल्या. दोन महिन्यांपूर्वी घेतलेल्या. उलट्या केल्या तर टाचा शाबूत, आणि चवडे पार झिजून आरपार गेलेले.

त्या दिवसापासून मी तिला प्यायला फक्त झऱ्याचं पाणी दिलं. चहाही त्याचाच. काही मासे त्याने सुधारतात. आठवड्याने स्टॉपवॉच लावलं. एकतीस.

म्हणजे नळाच्या पाण्याचा दोष नव्हता. साहेबांचं दांडकं खरं बोलत होतं. ते तेवढंच बोलू शकत होतं, आज नळात काय आहे ते.

६

विसाव्या दिवशी दुपारी, चांगलं लख्ख ऊन होतं, धाकटी आपल्या खोलीत बाहीला टीप मारत होती, आणि मी पन्हळीसमोर उभी राहिले. या माशाला पन्हळीत विसावा दिवस. मी, जिने एकोणीस वर्षं कॅलेंडरवर फुल्या मारल्या. का काढला नाही याला? कारण तो सुंदर पोहत होता. दुसरं कारण नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही माणसाला शहाणपण येत नाही ते असं.

मी त्याला ओंजळीत घेऊन टबात सोडला आणि टबातला मासा पन्हळीत घातला. पाणी थांबलेलं. पत्ती टाकली, पत्ती स्थिर.

मासा नळाकडे वळला. शेपटी मारायला लागला. आणि सरकायला लागला. मागे, इंच इंच, पत्तीच्या खालून. बारा सेकंदांत तो जाळीला टेकला, आणि जाळीवर दाबला गेला, जसा जोराच्या धारेत दाबला जातो, एक कल्ला उघडा पडून.

माझा हात सवयीने नळाकडे गेला. आधी बंद करायचं. नळ बंदच होता. मी आवळला, आणखी आवळला. तो आणखी बंद होण्यासारखा नव्हता.

शिवणयंत्राचा आवाज थांबला होता, केव्हा ते कळलं नाही. बोळकांडीतून चपला वाजत होत्या. फट, फट, फट. एका लयीत. आवाज जवळ येत नव्हता.

मी दारात गेले.

ती जाळीच्या दाराशी होती. तिची पाठ जाळीला टेकलेली, आणि तोंड माझ्याकडे. पाय चालत होते. घाई नाही, घाबरणं नाही, हनुवटी थोडी वर, डोळे माझ्या दारावर. दारावर म्हणजे पलीकडच्या काठावर. तिचे पांढरे केस सुटून मागे जाळीतून बाहेर ताणले गेले होते, गाऊनचा पट्टा बाहेर ताणला होता, आणि जाळी बाहेरच्या बाजूला फुगली होती. वारा नव्हता. अंगणातल्या दोरीवरचा टॉवेल सरळ खाली लोंबत होता.

मी चालत गेले. चौदा फूट. मला काही लागलं नाही. पायाला ओढ नाही, अंगाला गारवा नाही, माझ्या गाऊनचा काठ हललासुद्धा नाही. सहा सेकंदांत मी तिच्यासमोर उभी होते.

मनगट धरलं. नावेची दोरी धरावी तसं ते ओढत होतं.

ती माझ्याकडे बघत होती. पाय चालूच. तिने हळू आवाजात विचारलं, "ताई, तुला नाही ओढत?"

तेव्हा मी तिला सांगितलं. तिथेच, मनगट धरून. पहेलवानाचं, आठव्या दिवसाचं, पाहुण्यांचं. वहीत पाच दिवस काय लिहिलं ते. टाळ्यांचं. घड्याळ कशाबद्दल मिळालं ते. नदी विषारी झाली आहे हे शर्यतीच्या आधी मला ठाऊक होतं, आणि तू पाच दिवस गावात सगळ्यांत जास्त तेच पाणी प्यायलीस हेही ठाऊक होतं, आणि तरी मी काठावर तुला तसं म्हटलं. कारण तुझं पोहणं गेलं हे कबूल केलं असतं तर ते कोणी नेलं हे सांगावं लागलं असतं. आयुष्यात मी पुष्कळ बोलले, पुष्कळांना ऐकवलं. एवढं थोडं बोलायला इतका वेळ कधी लागला नाही.

तिने ऐकून घेतलं. पावलं थोडी मंदावली.

"मी पोहत होते," ती म्हणाली. "काठ येत नव्हता. मला वाटलं, मीच संपले."

"नाही."

"मग थांबवू पाय?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. मासा थांबला की काय होतं ते मी हजारदा पाहिलंय, पण त्याचं मनगट कोणी धरलेलं नव्हतं. मी दुसरा हातही तिच्या हातावर घट्ट केला आणि मानेने हो म्हटलं.

तिने पाय थांबवले.

सगळा भार माझ्या हातांवर आला. खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. वास असा आला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिच्या खांद्यावरून, जाळीपलीकडे, जिथे अंगण असायला हवं तिथे, मी क्षणभर बघितलं. धुकं होतं. धुक्यात एक डोकं होतं, हनुवटी वर केलेलं, ओल्या केसांचं, तरुण. ते काठाकडे येत होतं की जात होतं ते मला सांगता येणार नाही.

मी सोडलं नाही. आणि मग, पहिल्यांदाच, माझ्या घोट्यांना गार लागलं.

७

हे लिहिते आहे तेव्हा त्या दुपारला सोळा दिवस झाले. धाकटी ठणठणीत आहे, तिला आता काही ओढत नाही. जाळी बदलून घेतली, सुतार म्हणाला आतून कोणी लाथ मारली होती का. दोन्ही मासे मी झऱ्यात सोडले. पन्हळ कोरडी आहे, तिच्यात धाकटीने बटणं ठेवली आहेत, रंगांप्रमाणे लावून.

गेल्या आठवड्यात ती नदीवर गेली होती. चपला काढून दुसऱ्या पायरीपर्यंत उतरली, एवढंच. पण शेजारणीची नात तिच्याकडे बघत होती म्हणे, आणि तिने विचारलं, आजी तुम्हाला पोहता येतं का. धाकटी येतं म्हणाली. मला सांगताना तिचा चेहरा सत्तावीस वर्षांचा होता.

आम्ही खोल्या बदलल्या. जाळीशेजारची आता माझी. मीच म्हटलं.

सकाळी चहा झाला की ती हाक मारते आणि मी निघते. पाय नेहमीसारखे पडतात. पहिले दोन दिवस सहा सेकंद. मग नऊ. काल एकवीस. घोट्यांपाशी लागायचं ते गार आता गुडघ्यांपर्यंत येतं, आणि ओढ आहे हे मला कळतं. कळतं याचं मला, खोटं कशाला बोलू, बरंच वाटतं.

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी असते. एका हातात माझं स्टॉपवॉच, नाव कोरलेली बाजू तळव्याकडे. ती घाबरत नाही, रागावत नाही. किंचित वाकते, दुसरा हात पुढे करते आणि म्हणते, "ये, ताई, ये. पाय मार."